प्राथमिक अनार्तव : मूत्रवह व आर्तववह स्रोतसांच्या समान उत्पत्तीचा विचार

मूत्रवह संस्था आणि प्रजनन संस्था यांचे अध्ययन पदवी अभ्यासक्रमात दोन निरनिराळ्या प्रकरणांतून होते. रचना शारीराच्या पुस्तकात वृक्क, गविनी व बस्ति यांचे प्रकरण संपले की नवे पान उलटून गर्भाशयाचे वर्णन सुरू होते. ही विभागणी अध्यापनाच्या सोयीची आहे. शरीराने ती केलेली नाही. तथापि परीक्षेच्या निमित्ताने मनात उभी राहिलेली ही भिंत पुढे चिकित्सालयातही कायम राहते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी अद्याप ऋतुप्राप्ती झाली नाही म्हणून आईसोबत येते, तेव्हा वैद्याच्या मनात प्रथम आर्तववह स्रोतसाची दुष्टी येते, वातानुलोमन येते, रजःप्रवर्तनी वटी व कुमारी आसव येतात. त्या मुलीचे वृक्क किती आहेत आणि कोठे आहेत, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो का यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम संहितोक्त शारीर पाहू. सुश्रुताचार्यांनी बस्तीचे सविस्तर वर्णन शारीरस्थानात न करता निदानस्थानातील अश्मरीनिदान अध्यायात केले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्या ठिकाणी रचनेच्या ज्ञानावाचून शस्त्र चालविता येत नाही, त्या ठिकाणी रचना सांगितली आहे. बस्ति अलाबूच्या, म्हणजे दुध्या भोपळ्याच्या आकाराची, सिरा-स्नायूंनी वेढलेली, एकच द्वार असलेली आणि अधोमुख आहे. नाभी, पृष्ठ, कटी, मुष्क, गुद, वंक्षण व शेफ यांच्या मध्यभागी तिचे स्थान आहे. याच संदर्भात आचार्य म्हणतात की बस्ति, बस्तिशिर, पौरुष, वृषण व गुद हे परस्परांशी एकसंबंधी असून गुदास्थीच्या विवरात राहतात. ‘एकसंबंधी’ हा शब्द वाचताना आपण केवळ शेजार असा अर्थ घेतो. पुढे जे पाहावयाचे आहे, त्यावरून हा संबंध शेजारापुरता नाही हे दिसून येईल.

स्त्रीशरीराविषयीची सुश्रुतांची सूचना याहूनही मोलाची आहे. अश्मरीचिकित्सा अध्यायात, स्त्रियांच्या बस्तीच्या पार्श्वभागी गर्भाशय अगदी निकट असल्याने शस्त्रपाताची दिशा वेगळी ठेवावी, अन्यथा मूत्रस्रावी व्रण निर्माण होईल, असा इशारा दिला आहे. बस्ति व योनी यांच्यामध्ये पडणाऱ्या आणि ज्यातून मूत्र अखंड झिरपत राहते अशा भगंदरसदृश छिद्राचे हे वर्णन आहे, यात शंका नाही. त्याच अध्यायात मूत्रवह, शुक्रवह, मुष्कस्रोतस, मूत्रप्रसेक, सेवनी, योनी, गुद व बस्ति ही आठ स्थाने शस्त्रापासून वाचवावीत असे सांगून, त्यांपैकी बहुतेकांच्या छेदाचे परिणाम वेगवेगळे दिले आहेत. आजचा शल्यविशारद गर्भाशय काढताना सर्वाधिक जपतो ती गविनी. सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची ही नळी गर्भाशयग्रीवेच्या बाजूस दीड-दोन सेंटीमीटर अंतरावर गर्भाशयधमनीच्या खालून जाते आणि धमनी बांधताना नकळत सापडते. काळजीचे कारण दोन्ही काळांत एकच आहे.

मात्र येथे एका प्रवृत्तीविषयी स्पष्ट मत नोंदविणे आवश्यक वाटते. मूत्रोत्पत्तीचे वर्णन करताना सुश्रुतांनी, नवा घट तोंडापर्यंत पाण्यात बुडविला असता जसा पार्श्वभागातून झिरपून भरतो तशी बस्ति भरते, असा दृष्टान्त दिला आहे. आणि पक्वाशयातून निघणाऱ्या, सूक्ष्मत्वामुळे न दिसणाऱ्या सहस्रावधी मुखांच्या नाड्या मूत्र आणतात असे म्हटले आहे. काही लेखक या सहस्रमुखांचा अर्थ सरळ वृक्कातील सूक्ष्म मूत्रनलिका असा करतात. तसे करू नये. संहितेत या नाड्या पक्वाशयाशी जोडलेल्या आहेत. वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या प्रसादापासून सांगितली आहे आणि चरकाचार्यांनी वृक्काला मेदोवह स्रोतसाचे मूळ मानले आहे. मूत्रवह स्रोतसाचे मूळ चरकमते बस्ति व वंक्षण, तर सुश्रुतमते बस्ति व मेढ्र. वृक्कातून दररोज सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो आणि त्यांतील बहुतांश परत शोषला जाऊन दीड-दोन लीटर मूत्र उरते, हे ज्ञान सूक्ष्मदर्शक यंत्रानंतरचे आहे. ते संहितेच्या पदरी घालून संहितेचा गौरव वाढत नाही. जेथे प्राचीनांनी प्रत्यक्ष पाहिले, तेथे त्यांचे शब्द आजही अचूक ठरतात, एवढे पुरेसे आहे.

आता उत्पत्तीकडे वळू. गर्भाचे कोणते अंग प्रथम निर्माण होते याविषयी ऋषींची मतमतांतरे देऊन सुश्रुतांनी शेवटी धन्वंतरींचा सिद्धान्त मांडला आहे : सर्व अंगे एकाच वेळी निर्माण होतात, वंशांकुराप्रमाणे किंवा आम्रफलाप्रमाणे ती सूक्ष्मत्वामुळे आरंभी वेगळी ओळखू येत नाहीत. कोवळ्या आंब्यात कोय, गर व केसर असतातच, पण निराळे दिसत नाहीत. फळ पक्व झाले की दिसतात. मूत्र व प्रजनन संस्थांच्या बाबतीत हा दृष्टान्त विलक्षण चपखल आहे, कारण या दोन्ही संस्थांचा बहुतांश भाग एकाच पट्ट्यातून तयार होतो.

गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस मध्यजनस्तराची एक उभी पट्टी असते. (येथे आठवडे फलनापासून मोजले आहेत. सोनोग्राफीच्या अहवालातील आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजलेले असल्याने दोन आठवड्यांचा फरक धरावा.) या पट्टीत वृक्काच्या तीन आवृत्त्या एकामागून एक निर्माण होतात. पहिली, आद्यवृक्क, मानेच्या प्रदेशात दिसते आणि काहीही कार्य न करता लोप पावते. दुसरी, मध्यवृक्क, काही आठवडे थोडेफार मूत्र तयार करते आणि तीही जाते. परंतु जाताना आपली नलिका मागे ठेवते. तिला मध्यवृक्कनलिका किंवा शोधकर्त्याच्या नावाने वुल्फची नलिका म्हणतात. या सर्व लेखाचे मर्म या एका नलिकेत आहे.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास वुल्फच्या नलिकेच्या खालच्या टोकाजवळ एक अंकुर फुटतो. हा गविनी-अंकुर होय. तो वर वाढत जाऊन भोवतालच्या पेशीसमूहात शिरतो, तेथे पुनःपुन्हा विभागतो आणि त्याच्या प्रत्येक शाखेच्या टोकाभोवती नव्या मूत्रनलिका जन्म घेतात. अंकुर आणि पेशीसमूह दोघेही एकमेकांना उत्तेजन देतात. अंकुर पोहोचलाच नाही तर पेशीसमूह विरून जातो आणि त्या बाजूस वृक्क तयारच होत नाही. जो तयार होतो तो आरंभी श्रोणिगुहेत असतो व सहाव्या ते नवव्या आठवड्यात कटिप्रदेशापर्यंत वर सरकतो. वाटेत अडकला तर श्रोणीतच राहतो. दोन्ही वृक्कांची खालची टोके परस्परांना चिकटली तर घोड्याच्या नालाच्या आकाराचा एकच वृक्क होतो आणि तो आंत्रधमनीपाशी अडून खालीच थांबतो. प्रत्येक वृक्कात सरासरी दहा लाख मूत्रघटक तयार होतात. जन्मापूर्वी, चौतिसाव्या-छत्तिसाव्या आठवड्यास हे काम संपते. त्यानंतर नवा घटक निर्माण होत नाही.

गर्भाशयाची नलिका याच काळात, वुल्फच्या नलिकेच्या अगदी शेजारी तयार होते. सहाव्या आठवड्यात उदरगुहेच्या अस्तराची एक खोबण आत वळते आणि तिची नळी बनते. ही म्युलरची नलिका. तिची वाढ वरून खाली होते, आणि ती आपली वाट स्वतः शोधत नाही. वुल्फच्या नलिकेचा हात धरूनच ती खाली उतरते. प्राण्यांवरील प्रयोगांत वुल्फची नलिका मध्येच तोडली असता म्युलरची नलिका त्याच पातळीवर थांबते, असे दिसून आले आहे. आठव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही बाजूंच्या म्युलर-नलिका मध्यरेषेवर एकत्र येतात. वरचे सुटे भाग बीजवाहिन्या होतात, एकत्र आलेला भाग गर्भाशय, ग्रीवा व योनीचा ऊर्ध्वभाग होतो. खालचे टोक मूत्रजननविवराच्या मागील भिंतीस टेकते. तेथे भरीव पट्ट निर्माण होऊन पाचव्या महिन्यापर्यंत तो पोकळ होतो व योनीचा अधोभाग तयार होतो. त्या द्वाराशी उरणारा पातळ पडदा म्हणजे योनिपटल. मूत्रजननविवराच्या वरच्या भागापासून बस्ति तयार होते. म्हणजे योनीचे तोंड व बस्ति ही एकाच पोकळीची अपत्ये आहेत. त्याही आधी, चौथ्या आठवड्यात, गुदाची पोकळीदेखील त्यांच्यात सामील होती व सातव्या आठवड्यापर्यंत मधला पडदा उतरून ती वेगळी झाली. बस्ति व गुद एकसंबंधी आहेत हे विधान या ठिकाणी पुन्हा आठवावे.

बीजांडकोशांचे मूळ मात्र वेगळे आहे. ते मध्यवृक्काच्या आतल्या बाजूस उठणाऱ्या कंगोऱ्यापासून होतात आणि म्युलरच्या नलिकेवर अवलंबून नसतात. हा फरक चिकित्सेत फार महत्त्वाचा आहे. गर्भाशय नसतानाही बीजांडकोश पूर्ण कार्यक्षम असू शकतात. अशा मुलीस स्तन येतात, लोम येतात, उंची वाढते, सर्व काही यथाकाल घडते, फक्त रजोदर्शन होत नाही.

पुरुषगर्भात हीच दोन नलिकांची जोडी असते, पण निवड उलट होते. दुसऱ्या महिन्यात पुरुष पिंड, स्त्री पेशी व नपुंसक अर्बुद अशी आकृती असते असे सुश्रुतांनी सांगितले आहे. आधुनिक शास्त्रानुसार सातव्या आठवड्यापर्यंत बीजग्रंथी दोन्ही लिंगांत सारखीच असते. वाय गुणसूत्रावरील ज्या अंशामुळे तिचे वृषण बनते, तो अंश १९९० साली ओळखला गेला. वृषणातून दोन द्रव्ये स्रवतात. एक म्युलरची नलिका नष्ट करते. दुसरे, टेस्टोस्टेरॉन, वुल्फची नलिका टिकवून तिच्यापासून अधिवृषण, शुक्रवाहिनी व शुक्राशय घडविते. ही द्रव्ये दोन निराळी आहेत हे फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४७ च्या सुमारास सशांच्या गर्भांवर केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. जुन्या मूत्रयंत्रणेची टाकून दिलेली नळी पुरुषात शुक्रवह स्रोतस बनते, हे लक्षात घेतले म्हणजे मूत्र व शुक्र यांचा मार्ग पुढे एक का होतो, याचे आश्चर्य वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. समजा, एका बाजूची वुल्फची नलिका सदोष आहे. तिच्यावर गविनी-अंकुर फुटणार नाही. त्या बाजूस वृक्क असणार नाही. तिच्या आधाराने उतरणारी म्युलरची नलिकाही खाली पोहोचणार नाही किंवा वाट चुकेल. त्या बाजूचे गर्भाशय अपुरे राहील किंवा त्या बाजूच्या योनिभागाचे द्वार बंद राहील. एकाच कारणाने दोन संस्थांत दोन विकृती झाल्या, आणि त्यांपैकी एक शांत राहते. एका वृक्कावर मनुष्य वर्षानुवर्षे कोणत्याही लक्षणाशिवाय जगतो. म्हणूनच ती शोधावी लागते.

ज्या मुलीस गर्भाशय व योनीचा ऊर्ध्वभाग जन्मतःच नसतो, त्या अवस्थेस मेयर, रोकितान्स्की, कुस्टर व हाउझर या चौघांच्या नावाने ओळखले जाते. साडेचार ते पाच हजार स्त्रीजन्मांमागे एक असे तिचे प्रमाण आहे. गुणसूत्रे स्त्रीचीच, बीजांडकोश प्राकृत, बाह्य स्वरूप पूर्ण स्त्रीचे. अशा मुलींपैकी सुमारे एकतृतीयांश मुलींत वृक्कविकृती आढळते : एक वृक्क नसणे, वृक्क श्रोणीत असणे किंवा नालाकृती असणे. काहींत पृष्ठवंशातील कशेरुकांची व श्रवणाचीही विकृती असते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात बीजदुष्टीचे जे सूक्ष्म भेद केले आहेत, ते येथे मुळातून वाचण्याजोगे आहेत. स्त्रीबीजातील केवळ गर्भाशयाचा बीजभाग दूषित झाला तर जन्मणारी कन्या वंध्या होते. गर्भाशयाच्या बीजभागाच्या अवयवासोबत स्त्रीत्व देणाऱ्या शरीरबीजभागांचा एकदेशही दूषित झाला, तर बहुतांशी स्त्रीची आकृती असलेली, परंतु स्त्री नसलेली ‘वार्ता’ जन्मते. अवयव नसणे आणि स्त्रीत्वाची घडण बिघडणे या दोन गोष्टी आचार्यांनी वेगळ्या केल्या, हे विचारांचे बळ असामान्य आहे. आजही प्राथमिक अनार्तवाच्या निदानातला पहिला दुभंग हाच असतो. योनिव्यापदांतही हाच धागा दिसतो. बीजदोषामुळे गर्भावस्थेतच वायूने आशय उपहत झालेली, स्तनरहित षण्ढी चरकांनी चिकित्सेस अयोग्य मानली आहे. सुश्रुतांनी तिला आर्तव व स्तन या दोहोंनी रहित म्हटले आहे. सूचीमुखीत गर्भस्थ कन्येचे योनिद्वारच सूक्ष्म होते. या वर्णनांना आजच्या एकेका व्याधीचे नाव चिकटविण्याचा मोह आवरावा. परंतु काही अनार्तवे जन्मजात रचनेची असतात आणि औषधाने साध्य नसतात, हे आचार्यांना पूर्ण ज्ञात होते, एवढे निःसंशय.

यावरून एक शब्दविचार. सुश्रुतांनी दोषांनी मार्ग आवृत झाल्यामुळे ‘नष्ट’ झालेल्या आर्तवासाठी मत्स्य, कुलत्थ, अम्ल, तीळ, माष, सुरा, दधि इत्यादींचा उपयोग सांगितला आहे. नष्ट तेच होते, जे पूर्वी होते. जे कधी प्रकटच झाले नाही त्यास नष्टार्तव मानून तीच चिकित्सा करणे हा अर्थाचा अतिक्रम होय. कासीस, हिंग, टंकण व कन्यासार यांनी युक्त रजःप्रवर्तनी वटी हा उत्तम योग आहे. परंतु ज्या घरास दारच नाही, तेथे आतील माणसास बाहेर ढकलून काय साधणार?

हे केवळ दृष्टान्तापुरते नाही. योनिपटलास छिद्र नसल्यास पाळी प्रत्यक्षात येत असते, बाहेर पडत नसते. दर महिन्यास रक्त साचते, योनी फुगते, मग गर्भाशय फुगते. मुलगी दर महिन्यास ओटीपोटात दुखते म्हणते आणि एके दिवशी मूत्र पूर्ण अडते, कारण फुगलेली योनी पुढील मूत्रमार्गास दाबते. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा असून योनीच्या अग्रभित्तीस लागूनच असतो. अशी मुलगी मूत्राघाताची रुग्ण म्हणून येते; गोक्षुरादि गुग्गुळ व पुनर्नवा लिहून दिले जातात. लघवीच्या तक्रारीत कौमार्याकडे पाहण्याचे कारण काय, असे घरच्यांना वाटते, वैद्यासही संकोच वाटतो. वास्तविक स्त्रीवैद्याने आईच्या उपस्थितीत, मुलीच्या संमतीने केलेले केवळ बाह्य दर्शन पुरते : द्वारापाशी निळसर, फुगीर पडदा दिसतो. छोट्या शस्त्रकर्माने तो उघडला की मूत्र व आर्तव दोन्ही मोकळी होतात. विलंब झाल्यास साचलेले रक्त बीजवाहिन्यांतून उदरात उलटते आणि पुढे वंध्यत्वाचे कारण बनू शकते. अशा मुलीस आर्तवजनन द्रव्ये देत राहणे म्हणजे विलंबच होय.

याहून फसवा प्रकार म्हणजे दोन गर्भाशये असून एका बाजूच्या योनिभागाचे द्वार बंद असणे. येथे दुसऱ्या बाजूने पाळी नियमित येते. म्हणून अनार्तवाची शंकाच येत नाही. मुलगी पाळीच्या वेदनेची तक्रार करते, ती महिन्यागणिक वाढत जाते, आणि उदावर्ता समजून चिकित्सा चालू राहते. या विकृतीत बंद असलेल्या बाजूचा वृक्क बहुधा नसतो. सोनोग्राफीत उजवा वृक्क दिसत नाही असा अहवाल एखाद्या कुमारिकेचा आला आणि तिला तीव्र कष्टार्तव असेल, तर ही दोन वाक्ये एकत्र वाचावीत.

गर्भाशय नसण्याचे दुसरे कारण याच्या अगदी विरुद्ध आहे, आणि वृक्कच त्यातील भेद दाखवितात. गुणसूत्रे एक्स-वाय, उदरात किंवा वंक्षणात वृषण, परंतु शरीरातील पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देत नाहीत, अशा अवस्थेत बाह्य स्वरूप स्त्रीचे होते. स्तन उत्तम वाढतात, जघनलोम मात्र विरळ असतात किंवा नसतात. वृषणाच्या पहिल्या द्रव्याने म्युलरची नलिका नष्ट केलेली असल्याने गर्भाशय नसते. नलिकेची वाट चुकलेली नसते. ती उतरली होती, नंतर पुसली गेली. म्हणून वृक्क सामान्यतः प्राकृत असतात. लहानपणी वंक्षणवृद्धीचे शस्त्रकर्म झाले होते का, हा प्रश्न अशा मुलीच्या आईस आवर्जून विचारावा. या वृषणांत पुढील वयात अर्बुदाचा संभव असल्याने तज्ज्ञांकडे पाठविणे अनिवार्य आहे.

तिसरी मुलगी बुटकी असते, स्तन आलेले नसतात, मान रुंद असू शकते. एक एक्स गुणसूत्र नसल्यामुळे बीजांडकोशांच्या जागी तंतुमय पट्टे राहतात. गर्भाशय असते, पण लहान. हिच्यातही नालाकृती वृक्क आढळतो. शिवाय महाधमनीचे संकोच व हृदयाच्या झडपांचे दोष असतात. रक्तदाब दोन्ही हातांत आणि पायातही पाहावा.

रुग्णपरीक्षणाचा क्रम यावरून ठरतो. पूर्वीच्या ग्रंथांत सोळा वर्षांची मर्यादा असे. आता स्तनवृद्धी झालेली असल्यास पंधरा वर्षांपर्यंत आणि स्तनवृद्धीच नसल्यास तेरा वर्षांपर्यंत वाट पाहून तपासणी सुरू करावी असा संकेत आहे. सुश्रुतांनी रजोदर्शनाचे वय बारा दिले आहे, ते येथे ध्यानी घ्यावे. उंची, वजन, स्तन, लोम, रक्तदाब, दर महिन्यास पोटात दुखते का, मूत्रप्रवृत्ती कशी आहे, आई व बहिणीस पाळी कधी आली, हे सर्व नाडीपरीक्षणासोबत नोंदवावे. गर्भधारणेची शक्यता वगळावी. पहिल्या पाळीपूर्वीही गर्भ राहू शकतो. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग हेही प्राथमिक अनार्तवाचे कारण असते, हे विसरू नये. सोनोग्राफीसाठी चिठ्ठी देताना ‘श्रोणी’ एवढेच लिहू नये. गर्भाशय, दोन्ही बीजांडकोश आणि दोन्ही वृक्क त्यांच्या स्थानी आहेत का, असे स्पष्ट लिहावे. लहान, अविकसित गर्भाशय आणि गर्भाशयाचा अभाव यांत सोनोग्राफीने गल्लत होऊ शकते. शंका असल्यास एम.आर.आय. करावा. गर्भाशय नसल्यास गुणसूत्रपरीक्षा करावी.

श्रोणीत हाताला लागणारी गाठ ही गुल्मच असेल असे गृहीत धरणेही घातक आहे. ती श्रोणीत राहिलेला वृक्क असू शकते, आणि तो एकमेव वृक्क असू शकतो. अर्बुद समजून असा एकमेव वृक्क काढून टाकल्याच्या घटना शल्यशास्त्राच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत.

या सर्वांतून उरते ती मोठी संख्या : जिची रचना प्राकृत आहे, परंतु कृशता, अल्पाहार, अतिव्यायाम, मनस्ताप किंवा कुलवृत्तामुळे ऋतुप्राप्तीस विलंब झाला आहे. तेथे रसधातूचे पोषण, अग्निदीपन, शतावरी, तीळ, यथाकाल बस्तिकर्म यांचे क्षेत्र निश्चित आहे आणि वैद्याने ते आत्मविश्वासाने करावे. रचना तपासून घेतली म्हणजे हा आत्मविश्वास साधार होतो.

औषधनिवडीबाबत मात्र एक सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. ईश्वरी, म्हणजे आपल्याकडची सापसण, आणि कीटमारी या एकाच कुळातील वनस्पती लोकव्यवहारात पाळी आणण्यासाठी दिल्या जात आल्या आहेत. त्यांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. १९९३ साली ब्रुसेल्समधून वजन कमी करण्याचे औषध घेतलेल्या तरुण स्त्रियांत वेगाने वृक्क निकामी झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्या मिश्रणात एका चिनी वनस्पतीच्या जागी याच कुळातील दुसरी आली होती. हे आम्ल वृक्कांचा नाश करते आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगास कारणीभूत होते, हे आता सर्वमान्य आहे. जिला कदाचित एकच वृक्क आहे, अशा मुलीस पाळी आणण्यासाठी नेमके वृक्कघातक द्रव्य दिले जावे, हा योग किती भयंकर आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा. जडीबुटीवाल्याकडून घरच्यांनी काही आणले आहे का, हे विचारल्याशिवाय केसपेपर पुरा करू नये.

गर्भाशय नसल्याचे निदान झाल्यावर कुटुंबावर आघात होतो. विवाहाचा प्रश्न उभा राहतो, कित्येकदा मुलीस न सांगता विवाह उरकला जातो, आणि पुढे दोष तिच्यावर येतो. येथे वैद्याची भाषा फार तोलून वापरली गेली पाहिजे. ती स्त्री आहे, तिचे बीजांडकोश कार्य करीत आहेत, ‘वंध्या’ हा शब्द तिच्यासमोर उच्चारू नये. योनीची लांबी बहुतेक मुलींत शस्त्रकर्माविना, क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या शलाकांच्या नियमित उपयोगाने वाढविता येते. ते केव्हा सुरू करावयाचे याचा निर्णय त्या मुलीचा. तिच्या स्वतःच्या बीजापासून अपत्य होणे शक्य आहे. २०२१ च्या सरोगसी कायद्याखालील नियमांत गर्भाशय नसणे हे मान्य कारण आहे. प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातील पहिले मूल २०१४ साली स्वीडनमध्ये, गर्भाशय जन्मतः नसलेल्या स्त्रीस झाले. भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण २०१७ साली पुण्यात झाले आणि अशा प्रकारचे पहिले मूलही २०१८ मध्ये तेथेच जन्मले. हा मार्ग खर्चाचा, कठीण आणि मोजक्यांसाठीच आहे. एक वृक्क असलेल्या स्त्रीस तर प्रत्यारोपणानंतर घ्यावी लागणारी काही औषधे वृक्कास बाधक असल्याने अधिकच सावधगिरी हवी. तरीही मार्ग आहे, हे त्या मुलीस कळू द्यावे.

एक वृक्क आढळल्यास त्याची नोंद मुलीच्या हाती लेखी द्यावी. दरवर्षी रक्तदाब, मूत्रातील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत. रसकल्प दीर्घकाळ देऊ नयेत. अतिसार किंवा वमनाने द्रवक्षय झाल्यास तो त्वरित भरून काढावा. ही नोंद आईच्या नव्हे तर मुलीच्या नावे द्यावी, कारण विवाहानंतर ती ज्या गावी जाईल तेथील वैद्यासही ती दाखवावी लागेल.